गिरणीचा शीण आणि रक्ताचा वारसा

‘खाण तशी माती’ ही म्हण आपल्याकडे इतक्या सहजपणे उच्चारली जाते की, तिच्यात एक मोठा शास्त्रीय सिद्धांत गृहीत धरलेला आहे याचे भानही बोलणाऱ्यास नसते. बापाच्या अंगी जे असेल ते मुलाच्या अंगी उतरते, एवढेच तिचे म्हणणे. परंतु बापाच्या अंगी जे जन्मतः होते ते, की जे त्याने आयुष्यभर भोगले ते, याविषयी म्हण मुग्ध आहे. गेल्या शंभर वर्षांतील एका फार मोठ्या प्रश्नाचे मूळ या मुग्धतेतच सापडते. बारा-चौदा तास साच्यापाशी उभे राहून ज्याचे शरीर झिजले, अशा कामगाराची झीज त्याच्याबरोबरच स्मशानात जाते, की ती त्याच्या मुलानातवंडांच्या रक्तात उतरते? अलीकडे परदेशी प्रयोगशाळांतून ‘ताणाचा वारसा’ हा शब्दप्रयोग वरचेवर कानी येऊ लागल्यापासून हा प्रश्न पुन्हा उभा राहिला आहे. आपल्या महाराष्ट्रापुरता त्याचा इतिहास पाहू गेल्यास तो पारनेरसारख्या तालुक्यांतून निघतो आणि मुंबईच्या गिरणगावातून फिरून पुन्हा घाटावरच येऊन पोहोचतो.

पारनेर हा अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्याचा नैर्ऋत्येकडील तालुका. सह्याद्रीने पाऊस अडवून ठेवल्यावर जे उरते त्यावर जगणारा. कान्हूरच्या पठारावरील माळ, बाजरी-हुलग्याची हलकी जमीन, आणि निघोजजवळ कुकडीच्या पात्रातील खडकाला पडलेले ते प्रसिद्ध रांजणखळगे. पाण्याने दगड कोरावा, पण शेत भिजवू नये, असा हा प्रदेश. १८७६-७८ च्या दुष्काळाने दख्खनचे कंबरडे मोडले, आणि जुन्नर, पारनेर, संगमनेर या बाजूंची माणसे मुंबईची वाट धरू लागली. कोकणातून गेलेल्यांची संख्या अधिक, हे खरे. परंतु ‘घाटी’ या शब्दाने मुंबईने ज्यांस ओळखले त्यांत नगर जिल्ह्याची माणसे पुष्कळ होती. पुरुषाने मुंबईस जावे, चाळीतल्या एका खोलीत दहा-पंधरा गाववाल्यांबरोबर पथारी टाकावी, खाणावळीत जेवावे, गावी मनिऑर्डर धाडावी आणि दोन पावसाळ्यांनी एकदा घरी यावे. ही रीत तीन-तीन पिढ्या चालली. म्हणजे ज्या वंशाविषयी आपण विचार करीत आहोत तो वंश मुळी दोन ठिकाणी विभागलेला होता. बाप भोंग्याच्या तालावर आणि मूल पठारावर.

गिरणीतील काम कसे होते, हे आज मॉलच्या काचांतून गिरणगाव पाहणाऱ्यास समजणे कठीण आहे. सूत कोरड्या हवेत तुटते, म्हणून विणाईच्या खात्यांत हवा मुद्दाम दमट ठेवीत. त्या उकाड्यात साच्यांचा अखंड खडखडाट आणि कापसाचे तंतू श्वासाबरोबर आत जात असलेले. १८८१ च्या पहिल्या कारखाना कायद्याने सात वर्षांखालील मुलांस कामावर घेण्याची मनाई केली आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांस नऊ तासांची मर्यादा घातली. नऊ तास ही त्या काळची दया होती! १८९१ च्या कायद्याने स्त्रियांचे तास अकरांवर आणले. प्रौढ पुरुषांस मात्र १९११ पर्यंत कोणतीच मर्यादा नव्हती. दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत काम, एवढाच नियम. आणि १९०५ च्या सुमारास अनेक गिरण्यांतून विजेचे दिवे लागले तेव्हा सूर्याची ही एवढी मेहेरबानीही संपली आणि कामाचा दिवस चौदा-पंधरा तासांवर गेला. पुढे १९११ साली बारा तास, १९२२ साली अकरा, १९३४ साली दहा आणि १९४८ साली नऊ, असे तास उतरत आले. तीन तास कमी होण्यास सदतीस वर्षे लागली.

या विजेची एक गोष्ट पारनेरकरांनी विसरू नये अशी आहे. पांडुरंग महादेव बापट, ज्यांस महाराष्ट्र सेनापती बापट म्हणून ओळखतो, ते १८८० साली पारनेरास जन्मले. एडिंबरोस यंत्रविद्या शिकण्यास गेलेला हा मनुष्य परत आल्यावर पारनेरात मुलांना शिकवीत असे आणि हाती झाडू घेऊन गावचे रस्ते झाडीत असे. १९२१ पासून त्यांनी मुळशीचा सत्याग्रह चालविला तो टाटांच्या धरणाविरुद्ध. आणि ते धरण बांधले जात होते ते मुंबईच्या गिरण्यांना वीज पुरविण्यासाठी. मावळातल्या शेतकऱ्याची जमीन बुडवून जी वीज निघणार, तिच्यावर पारनेरच्या शेतकऱ्याचा मुलगा मुंबईत साचा चालविणार. या दोन टोकांना जोडणारी तार फार थोड्यांना दिसली.

मजुरांच्या बाजूने पहिला संघटित आवाज उठविला तो ‘दीनबंधु’कार नारायण मेघाजी लोखंडे यांनी. १८८४ च्या सप्टेंबरात त्यांनी गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या आणि सुमारे साडेपाच हजार सह्यांचे निवेदन सरकारी चौकशी मंडळापुढे गेले. त्यांतील मागण्या पाहिल्या म्हणजे मन थबकते. आठवड्यातून एक दिवस विश्रांती, दुपारी अर्धा तास सुट्टी, पगार वेळेवर, आणि कामावर जायबंदी झाल्यास काही भरपाई. यांत वेतनवाढीचा शब्द नाही. शरीराला श्वास घेऊ द्या, एवढेच मागणे. रविवारची सुट्टी मिळण्यास १८९० साल उजाडावे लागले.

याच सुमारास विलायतेतही असाच एक प्रश्न वेगळ्या कारणाने पेटला होता. १८९९ ते १९०२ च्या बोअर युद्धासाठी मँचेस्टरसारख्या गिरणगावांतून जे तरुण भरती होण्यास आले त्यांपैकी पुष्कळ जण शरीरपरीक्षेत नापास झाले, आणि साम्राज्याचे धाबे दणाणले. कारखान्यांनी इंग्रजांचा वंशच खालावला काय? या ‘शारीरिक ऱ्हासा’च्या चौकशीसाठी नेमलेल्या समितीने १९०४ साली अहवाल दिला. तो आजही वाचण्यासारखा आहे, कारण ज्या काळी सगळे वंशाच्या नावाने गळा काढीत होते त्या काळी तिने स्पष्ट सांगितले की, पिढ्यान्‌पिढ्या उतरत जाणाऱ्या ऱ्हासाचा पुरावा नाही. जे आहे ते निकस अन्न, कोंदट घरे आणि अज्ञान यांचे फळ आहे. परिणामी १९०६ साली शाळेतील मुलांना जेवण देण्याचा आणि १९०७ साली त्यांची वैद्यकीय तपासणी करण्याचा कायदा झाला. म्हणजे वंशाच्या भीतीतून निघालेली चौकशी शेवटी पोळीभाजीशी येऊन थांबली. इतका शहाणपणा शास्त्राच्या इतिहासात वारंवार आढळत नाही.

आपल्याकडे हा शहाणपणा उशिराने आला. १९२०-३० च्या दशकांत ‘सुप्रजाजनन’ हा शब्द सुशिक्षित मराठी घरांतून मोठ्या प्रतिष्ठेने वावरत होता. ना. सी. फडके यांच्यासारख्या लोकप्रिय कादंबरीकाराने १९२७ साली या विषयावर इंग्रजीत ग्रंथ लिहिला आणि त्यास मार्गारेट सँगर यांची प्रस्तावना लाभली. यावरून या विचाराचे वजन कळावे. संततिनियमनाच्या चळवळीने स्त्रियांवर उपकार केले, यात शंका नाही, आणि र. धों. कर्व्यांनी त्यासाठी सोसलेला छळ तर सर्वश्रुत आहे. परंतु सुप्रजेच्या विचाराला एक विषारी डंख होता. दुबळे मूल दिसले की आईबापांच्या बीजाकडे बोट दाखवावयाचे आणि ते मूल ज्या खोलीत जन्मले तिच्याकडे पाठ फिरवावयाची, ही सोय त्याने करून दिली.

त्या खोलीविषयीचे आकडे मात्र त्याच वेळी सरकार दरबारी पडून होते. मुंबईत १९२१ साली एका खोलीच्या किंवा त्याहून लहान बिऱ्हाडांत हजार जन्मांमागे ८२८ अर्भके वर्षाच्या आत दगावल्याची नोंद आहे. दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांत हाच आकडा ३२२, तीन खोल्यांत १९१ आणि चार वा अधिक खोल्यांत १३३. हे आकडे जसेच्या तसे खरे मानता येत नाहीत, हेही सांगितले पाहिजे. गिरणीतील बायका बाळंतपणाला गावी जात, जन्म गावाकडे होई, आणि मूल तान्हे असतानाच मुंबईस परतून तेथे दगावे. त्यामुळे मृत्यू मुंबईच्या खात्यावर पडे, पण जन्म पडत नसे, आणि गुणोत्तर फुगे. पारनेरच्या कोणा बाईचे मूलही या चुकीच्या बेरजेत असू शकेल. परंतु फुगवटा वजा केला तरी खोल्यांची उतरंड पुसली जात नाही. वंशशास्त्रवाद्यास विचारावेसे वाटते की, दुसरी खोली मिळाल्याने बीज सुधारते काय?

१९२२ साली डॉ. बार्न्स या बाईंनी मुंबईतील गिरणी कामगार स्त्रियांच्या बाळंतपणांविषयी अहवाल सादर केला. त्यांत शेकडा ९८ तान्ह्या मुलांना अफू दिली जाते असे नमूद आहे. आई कांडी भरण्याच्या खात्यात दिवसभर, घरी सांभाळावयास म्हातारी किंवा सहा-सात वर्षांची बहीण. तेव्हा बाळाला बाळगोळी चाटवून निजविण्यावाचून गत्यंतर नसे. मूल रडत नाही म्हणजे भूकही मागत नाही. भूक मागत नाही म्हणजे वाढत नाही. हे निर्दयपण नव्हे, हे गिरणीच्या वेळापत्रकाचे औषध होते. अशा मुलाचे वजन भरत नसेल, ते चिडखोर वा मंद दिसत असेल, तर त्याचे कारण आज्याच्या रक्तात शोधण्याची गरजच काय?

पुढे काय झाले तेही पाहण्यासारखे आहे. त्या दशकाच्या अखेरीपर्यंत मुंबईतील बालमृत्यूंचे एकूण प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले. वंश असा आठ-दहा वर्षांत बदलत नाही. त्या काळी हातावर असलेल्या पुराव्यांत माझ्या मते हा सर्वांत निर्णायक पुरावा होता, आणि सुप्रजाजननाच्या चर्चेत त्याला मिळावयास हवे होते ते वजन मिळाले नाही.

मातृत्वाच्या रजेसाठी ना. म. जोशी यांनी १९२४ साली मध्यवर्ती विधिमंडळात आणलेले विधेयक फेटाळले गेले. मुंबईच्या कायदेमंडळात १९२८ च्या जुलैत तशाच विधेयकावर डॉ. आंबेडकर बोलले. प्रसूतीपूर्वी आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, आणि म्हणून या खर्चाचा मोठा भाग सरकारने उचलावा, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. १९२९ साली कायदा झाला: दिवसास आठ आणे, आणि प्रसूतीच्या मागेपुढे मिळून सात आठवडे. मालकांनी मग बायकांना कामावर घेणेच कमी करीत नेले, हा त्याचा कडू भाग. विसाव्या शतकाच्या आरंभी गिरणी कामगारांत स्त्रिया सुमारे पाचवा हिस्सा होत्या. पुढे त्या हळूहळू दिसेनाशा झाल्या. आईला सवलत देण्यापेक्षा आईच नको, असा हा हिशेब.

आज आपण ज्यास ‘ताण’ म्हणतो तो निव्वळ श्रमाहून निराळा असतो, हे कामगारांनी शास्त्रज्ञांच्या आधी ओळखले होते. १९२८ साली एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत सुमारे दीड लाख कामगार संपावर राहिले. त्यामागे पगारकपातीइतकेच मोठे कारण होते ते दोन साच्यांऐवजी तीन साचे एका माणसाकडे देण्याच्या योजनेचे. हात तेवढेच, डोळे तेवढेच. पण तुटणारे धागे दीडपट, जॉबरची नजर पाठीवर, आणि बदली कामगार दाराबाहेर उभा. मागणी वाढलेली आणि आपल्या हाती काहीच नाही, या दोहोंचा मेळ पडला की शरीरात अपायकारक रस पाझरत राहतात, रक्तदाब चढतो आणि झोप उडते, असे आधुनिक वैद्यक सांगते. विणकरास हे वेगळे सांगावयास नको होते. ताणा वाजवीपेक्षा ओढला की तुटतो, हे त्याच्या धंद्याचे पहिले ज्ञान.

आता मूळ प्रश्न. हा तुटलेला ताणा पुढच्या पिढीच्या कापडात दिसतो काय?

लामार्कने १८०९ साली मिळविलेले गुण संततीत उतरतात असे मांडले. वाइझमान या जर्मन पंडिताने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ते खोडून काढले. त्याने कित्येक पिढ्या उंदरांच्या शेपट्या कापल्या, पण बिनशेपटीचे पिल्लू काही जन्मले नाही. बीजपेशी शरीरापासून सुरक्षित अंतरावर राहतात, हे त्याचे मत पुढे प्रमाण ठरले. या तटबंदीला भोके पडू शकतात हे मुलरने १९२७ साली दाखविले; क्ष-किरणांनी माश्यांच्या बीजात कायमचे बदल घडले आणि ते पुढे उतरले. तथापि हिरोशिमा व नागासाकी येथे वाचलेल्यांच्या मुलांची अनेक दशके तपासणी करूनही अशा बदलांत नजरेत भरण्याजोगी वाढ आढळली नाही. अणुबाँबने जे उघडपणे केले नाही ते मुकादमाच्या शिव्यांनी केले, असे म्हणण्यापूर्वी फार विचार करावा लागेल.

मग नव्या संशोधनाने काय सांगितले? २००४ साली एलिसाबेथ ब्लॅकबर्न, एलिसा एपेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दीर्घकाळ आजारी मुलांची शुश्रूषा करणाऱ्या मातांच्या रक्तपेशी तपासल्या. ज्यांना ताण अधिक जाणवत होता त्यांच्या गुणसूत्रांची टोके अधिक आखूड झालेली, जणू त्या दहा वर्षांनी अधिक म्हाताऱ्या झाल्या होत्या. हे महत्त्वाचे आहे; पण ही झीज रक्तपेशींतील आहे, बीजातील नव्हे. दुसरे संशोधन जनुकांवरील रासायनिक खुणांचे. जनुकाचा मजकूर तोच राहतो, पण कोठला उतारा वाचावयाचा आणि कोठला झाकून ठेवावयाचा हे त्या खुणा ठरवितात. १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये उपासमार झाली, तेव्हा जे जीव नुकतेच गर्भात रुजले होते त्यांच्या अंगी अशा खुणांत पडलेला फरक साठ वर्षांनंतर, २००८ साली, दाखविता आला. मात्र येथेही वारसा बीजाचा नसून गर्भाशयाचा आहे. बापाच्या वा आजोबाच्या कामावरील ताणाचा ठसा मनुष्याच्या बीजातून नातवापर्यंत पोहोचतो, हे उंदरांवरील काही प्रयोगांवरून सुचविले गेले असले तरी माणसाच्या बाबतीत सिद्ध झालेले नाही. वर्तमानपत्री मथळे ही पायरी बेधडक ओलांडतात.

परंतु गर्भाशयाची गोष्ट लहान समजू नये. मुलीचा गर्भ पाच महिन्यांचा होईपर्यंत तिची अंडी तिच्या देहात तयार झालेली असतात. म्हणजे कांडीखात्यात उभी असलेली गरोदर बाई स्वतःचे, पोटातल्या मुलीचे आणि त्या मुलीच्या पोटी पुढे येणाऱ्या नातवाचेही बीज एकाच वेळी वागवीत असते. तीन पिढ्यांना एकाच पाळीत उभे करण्याची किमया निसर्गाने केलेली आहे. तिचा गैरफायदा मात्र गिरणीने घेतला. १९२८ साली कायदेमंडळात प्रसूतीपूर्व विश्रांतीचा आग्रह धरणाऱ्यांना हे जीवशास्त्र ठाऊक नव्हते, पण त्यांनी बोट ठेवले ते बरोबर जागी.

या बाबतीत महाराष्ट्राने जगाला दिलेले ज्ञान गिरणीतून नव्हे, शेतातून आले. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गरोदर स्त्रियांचा पाठपुरावा केला. हा मुलूख पारनेरसारखाच, अवर्षणाचा आणि कोरडवाहू. बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो भरले, इंग्लंडातील साउथॅम्प्टनला ते ३.५ किलो होते. मूल किडकिडीत, पण चरबी मात्र त्या मानाने राखून ठेवलेली. पुढे मधुमेहाकडे झुकण्याची तयारी जन्मापासूनच. याच अभ्यासात स्त्रियांच्या कामाचीही मोजदाद झाली. पाणी आणणे, शेतकाम, धुणे, हे ज्यांच्या वाट्यास गरोदरपणाच्या आरंभी व मध्यकाळात अधिक आले त्यांची बालके अधिक हलकी आणि डोक्याच्या घेराने लहान निघाली. आईचे कष्ट मुलाच्या देहात मोजता येतात, हे येथे फूटपट्टीने सिद्ध झाले. मुंबईच्या गिरणीत ते कोणी मोजले असते, तर काय निघाले असते, याचा तर्क वाचकांनी करावा.

१९८२ च्या १८ जानेवारीस सुरू झालेल्या संपानंतर अडीच लाख कामगारांचे गिरणगाव विरत गेले. कित्येक जण घाट चढून गावी परतले. ज्यांनी आयुष्यभर मनिऑर्डरी पाठविल्या ते आता घरच्यांच्या तोंडाकडे पाहू लागले. कामाच्या ताणाइतकाच काम नसल्याचा ताण मारक असतो, हे त्या वर्षांनी शिकविले. आज पारनेर तालुक्यात सुप्याची औद्योगिक वसाहत उभी आहे, शेजारच्या शिरूर तालुक्यात रांजणगावची. आजा मुंबईच्या भोंग्याला उठे. नातू मोटारसायकलवरून रात्रपाळीस जातो. यंत्रे स्वच्छ आहेत, कापसाची धूळ नाही, परंतु पाळ्या बदलतात, कंत्राट संपण्याची धास्ती आहे, आणि रात्रपाळीचे काम जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने २००७ साली ‘बहुधा कर्करोगकारक’ या वर्गात टाकलेले आहे. ‘बदली’ हा शब्द गेला, त्याच्या जागी ‘कंत्राटी’ आला.

येथे कोणी नवा वंशशास्त्री उठून म्हणेल की, गिरणीवाल्यांच्या नातवंडांचे बीजच ताणाने डागाळलेले आहे, म्हणून ती अशी. ‘जनुकीय’ हा शब्द आज ‘सुप्रजा’ या शब्दाइतकाच प्रतिष्ठित आहे, आणि तितकाच निसरडा. विमा कंपनीच्या किंवा कामावर घेणाऱ्याच्या हाती तो पडला तर आजोबांच्या कष्टांची शिक्षा नातवास होण्यास वेळ लागणार नाही. खुणा पडतात, हे खरे. पण त्यांपैकी निदान काही पालटतात, हेही तितकेच खरे, आणि दुसरे वाक्य पहिल्याइतक्या मोठ्याने उच्चारले जात नाही.

याज्ञिकांच्या अभ्यासात त्या सहा खेड्यांत जन्मलेल्या मुली पुढे वयात आल्या. गरोदरपणी आईच्या रक्तात फोलेट भरपूर आणि बी-१२ जीवनसत्त्व तुटपुंजे असेल तर मुलांत मधुमेहाची पूर्वलक्षणे दिसतात, हे २००८ साली उघड झाले होते. म्हणून २०१२ पासून याच पिढीतील किशोरवयीन मुलामुलींना, त्यांचे लग्न होण्याआधीच, बी-१२ च्या गोळ्या देण्याचा प्रयोग सुरू झाला. त्यांतील मुलींना पुढे मुले झाली, आणि त्या बालकांच्या नाळेतील रक्ताची परीक्षा झाली. शंभर वर्षांपूर्वी याच मुलखातून गेलेल्या बायकांच्या लेकरांना मुंबईत बाळगोळी मिळत होती. आता गोळी आईला देतात, आणि तीही मूल पोटात येण्याच्या आधी.